मुलीची पदवी आणि माझा अंत्यविधी

आमच्या इस्क्राला सोफियाच्या विद्यापीठातून संवादशास्त्राची पदवी मिळाली, आणि प्लेवेनमधल्या आमच्या आठ मजली इमारतीत असा एकही माणूस उरला नाही, ज्याने मला जिन्यात गाठून "म्हणजे नक्की काय शिकली हो ती?" असं विचारलं नाही. दुसऱ्यांच्या मुली दंतवैद्य झाल्या की कोणी असं विचारत नाही. लगेच तोंड उघडून दाढ दाखवतात.

माझी पंचाईत अशी की मलाही ते धड सांगता येत नव्हतं. मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढले. नळ कुठून निघतो आणि कुठे जातो हे मी झोपेतही सांगेन. पदवीदान समारंभात मी टाळ्या वाजवल्या, डोळेही पुसले, पण शेजारच्या गृहस्थांनी "तुमच्या मुलीचा विषय कोणता?" असं विचारल्यावर "फार अवघड आहे" एवढंच म्हणून मी खिशात रुमाल शोधायला लागलो. रुमाल हातातच होता.

तळमजल्यावरचे निवृत्त मेजर ग्रोझ्देव मात्र स्पष्टवक्ते. म्हणजे दुसऱ्याच्या बाबतीत. ते म्हणाले, "बोलायला शिकायला विद्यापीठ कशाला लागतं रे दोब्री? माझा पोपट घरी बसून शिकला."

यावर एक सणसणीत उत्तर मला सुचलं. पण ते दुसऱ्या दिवशी दुपारी, दाढी करताना सुचलं, आणि तेवढ्यासाठी सात मजले उतरून जाणं मला परवडण्यासारखं नव्हतं. कारण लिफ्ट बंद होती.

ही लिफ्ट आणि ही पदवी यांची गाठ पुढे पडली, म्हणून आधी लिफ्टचं सांगतो. वसंत ऋतूत तपासनीस आला, त्याने दोराकडे बघून शिट्टी वाजवली आणि दारावर लाल कागद चिकटवून निघून गेला. तेव्हापासून आठव्या मजल्यावरच्या वेलिका आजी खाली उतरल्याच नव्हत्या. इमारतीसमोर लिंडेनच्या झाडाखाली एक बाक आहे, तिथे तीन मैत्रिणींबरोबर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची उणीदुणी काढणं हे त्यांचं खरं आयुष्य. आता त्या बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या, मी खाली उभा राहून त्यात पाव ठेवायचो, आणि टोपली वर जाताना मेजरच्या द्राक्षवेलीत हमखास अडकायची. मग आजी आठव्या मजल्यावरून मेजरच्या खानदानाचा उद्धार करायच्या. त्यासाठी त्यांना लिफ्ट लागत नसे.

इमारतीचा व्यवस्थापक मी. या पदाला पगार नाही, मान नाही, फक्त जिन्यातल्या दिव्याची किल्ली आहे. दुरुस्तीसाठी रहिवाशांच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि सभेला पुरेशी माणसं हवीत. मी तीनदा सभा बोलावली. तिन्ही वेळेला हजर कोण, तर मी, माझी बायको झ्लात्का, आणि वरून ओरडून अनुमोदन देणाऱ्या वेलिका आजी. नगरपालिकेच्या खिडकीतल्या ताबाकोवाबाईंनी आजींचं अनुमोदन धरलं नाही. म्हणाल्या, "बाल्कनी म्हणजे हजेरी नव्हे, मिंचेव साहेब."

आणि इकडे इस्क्रा. उन्हाळाभर ती अर्ज करत होती. कोणी उत्तर देत नव्हतं, आणि जे देत होते ते "तुमच्या विषयाबद्दल जरा सांगाल का" असं विचारत होते. शेवटी ऑस्ट्रियात हॉटेलात काम करणाऱ्या तिच्या मावसबहिणीचा निरोप आला: ये, चादरी बदलायला माणूस हवाय. एका संध्याकाळी भाजलेल्या मिरच्या सोलता सोलता इस्क्रा सहज म्हणाली, "बाबा, मेजरकाकांचं बरोबरच असेल. चार वर्षं मी नुसती लोकांचं ऐकायला शिकले. त्याचं कोण काय देणार?"

मुलगी हसत बोलली, पण मला ते लागलं. चादरी बदलायला माझी ना नाही. कष्टाचं काम आहे, मी स्वतः गटारात उतरलेला माणूस. पण चार वर्षं फुकट गेली असं मनात घेऊन तिने घर सोडावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं: लिफ्टची सभा इस्क्राने भरवायची. सगळी इमारत बघेल, संवादशास्त्र काय चीज आहे ते. मेजर बघेल. पोपटही बघेल.

इस्क्रा तयार झाली. तिने दोन दिवस काहीच केलं नाही, फक्त जिन्यात लोकांशी गप्पा मारल्या. मला हे काम वाटेना. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुझी सूचना कोणी वाचतच नाही. दारावर जागा कुठे आहे?"

हे खरं होतं. आमच्या इमारतीच्या दारावर निधनपत्रकांची दाटी. तिसऱ्या मजल्यावरचा हलवाई गेला त्याला वर्ष झालं म्हणून त्याचं, पलीकडच्या शिवणकामवाल्या बाईंना चाळीस दिवस झाले म्हणून त्यांचं, आणि एक तर कोणाचं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण चेहरा सज्जन दिसत होता म्हणून राहू दिलेलं. लोक थांबून ती मात्र मन लावून वाचायचे. माझी लिफ्टची सूचना त्यांच्यामध्ये अंग चोरून उभी असायची.

पण इस्क्राला सोफियाहून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ती शुक्रवारी पहाटेच्या गाडीला जाणार असं ठरलं. मग सूचना मीच करायला घेतली. ताबाकोवाबाईंनी बजावलं होतं, सूचना दर्शनी भागी हवी. आणि मेजरने मागच्या वेळी आक्षेप घेतला होता की सभा कोणी बोलावली तेच कळत नाही. म्हटलं, आता कोणाला तक्रारीला जागाच ठेवायची नाही. मी माझा निवृत्तीच्या दिवशीचा, कोट घातलेला फोटो अल्बममधून काढला आणि मधोमध मोठा लावला. खाली ठळक अक्षरांत नाव: दोब्री मिंचेव. त्याखाली तितकंच ठळक: रविवारी दुपारी बारा वाजता, राहत्या घरी, सातवा मजला. (तळघरातल्या सभेच्या खोलीत मेजरची दारूची पिंपं होती.) सगळ्याला भारदस्तपणा यावा म्हणून भोवती जाड चौकट. झेरॉक्सवाल्याकडे फक्त काळी शाई होती. लिफ्ट, ठराव वगैरे मजकूर उरलेल्या जागेत बसवला. जागा थोडी उरली होती.

इस्क्राने निघता निघता ते पाहिलं आणि बॅग खाली ठेवली.

"बाबा, हे बघून लिफ्ट आठवत नाही रे."

"मग काय आठवतं?"

"खरंच सांगू? राग नाही ना येणार?"

"नको सांगूस. चार वर्षं शिकून आता मला चौकटीची जाडी शिकवणार का? पन्नास शहरांच्या नळांच्या नकाशांना मी चौकटी काढल्यात."

तिने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि गाडी चुकेल म्हणून ती पळाली. मी कागद दारावर, हलवायाच्या शेजारी, नजरेच्या उंचीवर चिकटवला, दोन पावलं मागे झालो आणि मला तो फार नीटनेटका वाटला. मग झ्लात्काला घेऊन मी आमच्या गावाबाहेरच्या बागेत दोन दिवस मिरच्या काढायला गेलो. फोन मी फ्रिजवर चार्जिंगला लावून विसरलो. झ्लात्का फोन वापरत नाही. तिला कोणाला काही सांगायचं असलं तर ती खिडकी उघडते.

रविवारी सकाळी आम्ही मिरच्यांची दोन पोती घेऊन परत आलो. दाराच्या मुठीला काळी फीत बांधलेली. मी टोपी काढली. "कोणीतरी गेलं गं," मी म्हणालो. दारावरच्या कागदांकडे बघायला वेळ नव्हता. पोतं खांद्यावर होतं आणि सभेला अर्धा तास उरला होता.

चौथ्या मजल्यावर पुढे एक माणूस भलंमोठं पुष्पचक्र घेऊन धापा टाकत चढत होता. मी पुष्पचक्राच्या मागून विचारलं, "कोण गेलं हो?"

"सातव्यावरचा दोब्री," तो मागे न बघता म्हणाला.

"अरेरे," मी सवयीने म्हणालो. "वय काय होतं?"

"वय नव्हतं हो फारसं. जिना चढून गेला म्हणतात."

मी पोतं खाली ठेवलं. झ्लात्काने माझा दंड धरला आणि नीट चिमटा काढला. मी ओरडलो. "जिवंत आहेस," ती म्हणाली, "चल वर."

वरचं दृश्य मी कधीही विसरणार नाही. तीनदा बोलावून ज्या सभेला कुत्रं फिरकलं नव्हतं, तिला अख्खी इमारत लोटली होती. जिन्यावर, कठड्यावर, माझ्या पायपुसण्यावर माणसंच माणसं. प्रत्येकाच्या हातात फुलं, आणि तीही जोडीजोडीने, मेलेल्यांना देतात तशी. केशकर्तनवाली केरा उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन उभी होती, वर साखरेने काढलेला क्रॉस. ती रडत सांगत होती, "मी दोन दिवस बेल वाजवतेय. आत त्यांचा फोन वाजतो, वाजतो, आणि कोणी उचलत नाही. मेलेल्या माणसाचा फोन असाच वाजतो." ताबाकोवाबाईसुद्धा आल्या होत्या, काळा रुमाल बांधून. पायरीवर वेलिका आजी बसल्या होत्या. एका मजल्याचा जिना, पण त्या महिनोन्‌महिन्यांनी पहिल्यांदाच उतरल्या होत्या.

आणि दारापाशी मेजर ग्रोझ्देव, पदकं लावून, भाषण करत होते.

मी पुष्पचक्राच्या आड थांबलो. आपल्यामागे लोक काय बोलतात हे ऐकायची संधी एकदाच येते, आणि ती आली तेव्हा आपण सहसा हजर नसतो.

"दोब्री सरळ माणूस होता," मेजर म्हणाले. "बोलायचा फार. एकदा सुरू झाला की थांबायचा नाही, आणि त्यात मुद्दा काय हे शेवटपर्यंत कळायचं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मला पुढे होऊन दोन शब्द बोलावेसे वाटले. "पण त्याने मुलीला शिकवलं. काय शिकवलं ते देव जाणे. पण चार वर्षं तोच उसवलेला कोट घातला आणि शिकवलं. मी त्याला पोपटावरून बोललो. बोलायला नको होतं."

इथे मला खरंच भरून आलं. मी नाक शिंकरलं. माझं नाक शिंकरणं इमारतीत प्रसिद्ध आहे. सगळी माणसं एकदम वळली.

केराच्या हातून ताट पडलं नाही, एवढंच. बाकी जे पडायचं ते सगळं पडलं. कोणी किंचाळलं, कोणी छातीवर क्रॉसची खूण केली. वेलिका आजींनी मला काठीने टोचून पाहिलं आणि म्हणाल्या, "मऊ आहे. जिवंत आहे मेला."

"माझी सभा आहे," मी म्हणालो. "लिफ्टची. सूचना लावली होती."

मेजरचा चेहरा काळ्या द्राक्षासारखा जांभळा झाला. "लिफ्टसाठी मेलास तू? शोकाशी खेळ करतोस? मी पदकं घासली रे तुझ्यासाठी! आणि ऐक, मी तळमजल्यावर राहतो. तुझ्या लिफ्टला एक कवडी देणार नाही." लोक फुलं उचलून जिन्याकडे वळायला लागले. मी हात वर करून दोराचा व्यास सांगायला सुरुवात केली. दोन माणसं आणखी वेगाने उतरली. मला दिसत होतं, लिफ्ट हातची चालली, आजींचा बाक चालला, आणि माझी मुलगी ऑस्ट्रियाला चालली.

आणि तेवढ्यात जिन्यातून इस्क्रा वर आली. हातात बॅग, केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. खाली दारावर तिला काळी फीत दिसली होती, आणि तिच्या बापाने काय करून ठेवलंय हे ठाऊक असूनही ती सात मजले धावत आली होती. तिने मला बघितलं, जोरात मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला.

"मुलाखतीचं काय झालं?" मी विचारलं.

"त्यांना विषय समजला नाही," ती म्हणाली. मग तिने जमलेल्या लोकांकडे पाहिलं. फुलं, घाम, धापा. पुष्पचक्रवाला अजून भिंतीला टेकून श्वास घेत होता.

"गहू परत नेऊ नका," झ्लात्का दारातून म्हणाली. "मेलेल्याच्या नावाने आणलेलं घरी नेत नाहीत. मेला नाही हा त्याचा दोष आहे, गव्हाचा नव्हे. आत बसा."

सगळे आत आले. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा मिरच्यांची पोती आली. घरची राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, निघाली. सवयीने चौघांनी मयताच्या नावाने दोन थेंब जमिनीवर सांडले, मग माझ्याकडे बघून ओशाळले. मी खिशातून भाषणाचे कागद काढले.

"बाबा," इस्क्रा हळूच म्हणाली, "एक उपकार कर. गप्प बस."

ती मधोमध उभी राहिली. मला वाटलं, आता चार वर्षांची विद्या बाहेर पडणार: आकडे, तक्ते, मोठमोठे शब्द. तिने फक्त विचारलं, "वर येताना तुम्ही कुठे थांबलात?"

बस्स. एवढंच. आणि ती गप्प झाली. खोलीत इतकी शांतता पसरली की मला ती अंगावर यायला लागली. मी तोंड उघडलं, झ्लात्काने त्यात भाजलेली मिरची कोंबली.

शेवटी पुष्पचक्रवाला म्हणाला, "चौथ्यावर. गुडघा. पण कोणाला सांगायचं?" केरा म्हणाली, "मी चौथ्यावरच राहते, पण बाळाची गाडी तळमजल्यावर ठेवते आणि बाळाला उचलून आणते. परवा पाय घसरला होता." सहाव्यावरचे सोतिर म्हणाले की ते पाचव्यावर थांबतात आणि फोनवर बोलल्याचं नाटक करतात, म्हणजे कोणाला दम लागलेला कळत नाही. मग कळलं की पाचव्यावर फोनचं नाटक करणारे आणखी तिघं आहेत आणि ते एकमेकांना नमस्कारही करतात. हशा पिकला. इस्क्रा कोणालाही अडवत नव्हती, दुरुस्त करत नव्हती. बोलणारा थांबला तरी ती बघत राहायची, आणि त्या बघण्याने माणूस पुढचं खरं सांगून टाकायचा.

"मी आले एकच मजला," वेलिका आजी म्हणाल्या. "दोब्री रोज पाव ठेवतो टोपलीत. त्याला निरोप द्यायला नाही उतरायचं तर कोणाला? उतरले. आता वर कशी जाऊ, ते कोणी सांगा."

इस्क्रा मेजरकडे वळली.

"आणि तुम्ही, मेजरकाका?"

"मी कुठेच थांबलो नाही. मी सैनिक आहे."

ती बघत राहिली. मेजरनी ग्लास फिरवला, पदकं सारखी केली.

"तिसऱ्यावर," ते म्हणाले. "आणि पाचव्यावर. तिथे मी जिन्याचं वळण मोजत होतो. शवपेटीचं पुढचं टोक माझ्याकडे असणार होतं ना. दोब्री आहे हा असा भरलेला. वळणावर पेटी उभी करावी लागली असती." ते थांबले. "आणि मग मनात आलं, माझी वेळ येईल तेव्हा उचलायला कोण येईल? मी तर तळमजल्याला. माझ्यासाठी कोणाला दोन पायऱ्याही चढाव्या लागणार नाहीत. तरी कोण येईल?"

केराने त्यांच्या बशीत गहू वाढला.

"लिहा," मेजर एकदम ओरडले. "लिफ्टच्या बाजूने. पण मी पैसे भरणार म्हणजे मी बसणार. रोज!"

ठराव एकमताने झाला. ताबाकोवाबाईंनी तिथेच काळा रुमाल सोडून कागद तपासला आणि एकच हरकत काढली: मयत व्यक्तीने बोलावलेली सभा बेकायदेशीर ठरते. मग त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हरकत मागे घेतली. निघताना इस्क्राला म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात लोक खिडकीशी येतात, ओरडतात आणि जातात. त्यांना काय हवं असतं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. तू सोमवारी येशील का? सध्या अर्धवेळच आहे." त्यांनी तिचा विषय विचारलाच नाही.

वेलिका आजींना मग मेजर आणि सोतिरनी खुर्चीवर बसवून आठव्यावर पोहोचवलं. वाटेत आजींनी दोघांनाही शिव्या दिल्या, त्यामुळे त्यांची तब्येत उत्तम असल्याचं सर्वांना कळलं.

लिफ्ट सुरू झाली, ती नेमकी माझ्या 'चाळिसाव्या'च्या सुमाराला. दारावर कोणीतरी माझं जुनं पत्रक तसंच ठेवलंय. इस्क्रा काढू देत नाही. म्हणते, संवादशास्त्राच्या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. वेलिका आजी रोज खाली बाकावर असतात आणि जाता-येता मला "मऊ" म्हणून हाक मारतात.

मेजर शब्दाचे पक्के. पैसे वसूल करायला रोज सकाळी लिफ्टने आठव्यापर्यंत जातात, आजींना घेऊन खाली येतात. एका संध्याकाळी त्यांनी सातव्यावर उतरून आमची बेल वाजवली. इस्क्रा नगरपालिकेतून नुकती आली होती. मेजर आत येईनात, चौकटीतच उभे राहिले.

"तुझ्या त्या विद्येत," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मुलाशी फोनवर कसं बोलायचं, हे असतं का? माझा वार्नाला असतो. आम्ही दिवाणखान्यातल्या एका भांडणापासून धड बोललो नाही. मी फोन लावतो आणि मग हुकूमच देतो."

मी स्वयंपाकघरात होतो. मला पुष्कळ सुचत होतं. झ्लात्काने मिरचीची बरणी जवळ ओढली, म्हणून मी काही बोललो नाही. दारातून इस्क्राचा आवाज हळू येत होता, आणि बराच वेळ येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेजर मला लिफ्टमध्ये भेटले. डोळे सुजलेले, पण मिशा पीळ दिलेल्या.

"बोललात?" मी विचारलं.

"तोच बोलला. तासभर. रविवारी येतोय."

मला तो पोपट आठवला. इतक्या महिन्यांचं उसनं फेडायची वेळ आली होती, आणि या खेपेला उत्तर वेळेवर सुचलं होतं. "मेजरसाहेब," मी म्हणालो, "बोलायला शिकायला विद्यापीठ कशाला लागतं हो?"

"बोलायला नाही रे गाढवा," मेजर म्हणाले. "गप्प बसायला."

यावर माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. पण लिफ्ट चालू होती, मेजर गुणगुणत होते, आणि मुलगी माझी होती. मी सातवा मजला येईपर्यंत गप्प बसलो.